घाऊक भावात काढलेले दात

पनवेलच्या बाजारात बसणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरने मला फसवलं. माझे दात चांगले होते, ते त्याने सगळे काढले. आणि खुर्चीवरून उठताना मला वाटत होतं की सौदा मी मारला.

मी भाताचा दलाल. आधी हमाली करून पाहिली होती, पण थोड्याच गोणी उचलल्या की दंडात गोळे यायचे आणि संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी व्हायची. म्हणून तोंडाच्या जोरावर पोट भरायचं ठरवलं. बोलण्यात मला कोणी हरवलं नाही. जेवताना मात्र तेच तोंड दगा द्यायचं. पहिले काही घास चावले की जबडा दगडासारखा घट्ट व्हायचा. जरा थांबलं की सुटायचा, मग जेवण चालायचं. घरी हे खपून जाई. पंगतीत थांबायची सोय नसते.

आमच्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगत उठत नाही. मटणाचा तुकडा तोंडात धरून मी बसलोय आणि दोन्हीकडचे लोक खरकटे हात घेऊन माझ्याकडे बघतायत, हे मी लहानपणापासून सोसलं. एकदा समोरच्या म्हाताऱ्या काकाने सगळ्यांदेखत विचारलं, "दलाल, मटणाशी पण भाव करतोस का रं? आमचे हात वालले." पंगत हसली. मीही हसल्यासारखं केलं. जबडा उघडतच नव्हता.

जासईच्या मुलीशी माझं लग्न ठरलं तेव्हा मला एकच हवं होतं: लग्नाच्या पंगतीत चारचौघांसारखं जेवायचं. म्हणून त्या डॉक्टरकडे गेलो. त्याने तोंडात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की मुळांत विष आहे, ते जबड्यात उतरतंय. आधी दाढा काढू, मग बाकीचे बघू. मी तापलो. सुटा सौदा मला कधीच आवडला नाही.

"सुटं सुटं नको," मी म्हटलं. "सगळ्यांचा घाऊक भाव सांगा, कवळीसकट."

त्याने तोंड वाकडं केलं, कपाळाला हात लावला, परवडत नाही म्हणाला, आणि मग माझ्यावर उपकार केल्यासारखा कबूल झाला. तसलं तोंड मी रोज शेतकऱ्यांसमोर करतो. तेच मला ओळखता आलं नाही. दात गेल्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते.

हिरड्या भरल्या, कवळी बसली, लग्न झालं. पंगतीत पहिले घास गेले आणि जबडा पूर्वीसारखाच आवळला. आता कवळीही मटणात रुतून बसली. सासरचा एक म्हातारा वाढप्यांना म्हणाला, "अरे, नवऱ्याला पेज आना. त्याचं तोंड नाय उघडत." माझ्या शेजारी बसलेल्या बायकोने मान खाली घातली. ती मान माझ्यामुळे खाली गेली.

तेव्हापासून मी पंगतीत बसत नाही. कोणी आग्रह केला की उपास सांगतो. लोक मला देवभक्त समजतात.

पुढे काही वर्षांनी मोऱ्याच्या बंदरात मुंबईची लाँच गाठायला धावलो आणि लघवी पुन्हा काळी झाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, पावाचा कडक तुकडा चावायला दिला आणि माझ्या दोन्ही गालांवर बोटं ठेवून बसला. जबडा आवळताच त्याने मान हलवली. माझ्या स्नायूंत साठलेली साखर त्यांना कामाच्या वेळी वापरता येत नाही, हे जन्मापासूनच आहे, औषध नाही, हळू आणि थांबत जेवा, असं त्याने सांगितलं. दातांचा काही संबंध नव्हता. मग त्याने विचारलं, दात का काढले? मी सांगितलं, पडले.

तो दातांचा डॉक्टर आता नाही. त्याचा मुलगा त्याच जागी, तीच खुर्ची मांडून बसतो आणि मला नमस्कार करतो. मला त्याच्याकडून एक पैसाही नको, त्याला एवढंच विचारायचंय: तुझ्या बापाने माझ्या तोंडात सगळीकडे बोटं घातली. गालावर एकदाही का ठेवली नाहीत? त्याची खुर्ची तू घेतलीस, तर उत्तरही तूच दे, आणि भर बाजारात दे.