पश्चिमेले ढोले मास्तर

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

बाबा गेल्यापासून बेसा गावातलं आमचं घर बंद आहे. आता विकतोय, म्हणून आज आईला घेऊन वकिलांकडे गेलो. विक्रीपत्रात चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना कोण आहे, ते लिहावं लागतं.

"सांगा काकू," वकील म्हणाले.

आई न थांबता बोलली. "पूर्वेले लांजेवार भाऊजी. पश्चिमेले ढोले मास्तर. दक्षिणेले मेश्राम बाई. उत्तरेले रस्ता."

वकील टाइप करत होते अन् मी मनात एकेक नाव मोजत होतो. रस्ता सोडला तर यातलं कोणीच आता जिवंत नाही.

"आई, हे सगळे गेले ना वं," मी हळूच म्हटलं.

"मले माहीत आहे. मंग आता कोणाचं नाव सांगू?"

तिचं खरं होतं. लांजेवारांकडे फ्लॅट स्कीम झाली. बाकी दोन घरांना कुलूप आहे.

परत येताना गाडीत आई म्हणाली, "मास्तरायच्या घराच्या कागदावर पूर्वेले तुह्या बाबायचंच नाव असन ना गा?"

असेलच. घर विकलं तरी बाबा तिथून हलणार नाहीत.

तुमच्या घराच्या चारही बाजूंना आता कोण कोण उरलंय?