हॉल तीनची किल्ली आणि म्हातारी चेटकीण

पडद्यावर काहीच नव्हतं. खाली हॉल एकमध्ये सत्तरेक माणसं बसली होती, त्यातली निम्मी टोकदार काळ्या टोप्या घालून. आणि वर प्रोजेक्शन रूममध्ये माझ्यासमोरचा सर्व्हर लाल अक्षरांत सांगत होता, की या फिल्मची किल्ली माझ्याकडे नाही.

इंटरकॉम वाजला. आमचे मॅनेजर, अबू फहद.

"सावंत, व्हाय नो पिक्चर?"

"सर, हॉल चेंज किसने किया?"

"मैंने किया. गेस्ट ज्यादा आ गया. हॉल थ्री छोटा है. मफी मुश्किल, नो प्रॉब्लेम, तुम स्टार्ट करो."

मुश्किल होती. बहारीनमधल्या या मॉलच्या थिएटरात मी टेक्निकल सुपरवायझर आहे. हल्ली सिनेमा रिळांच्या डब्यातून येत नाही, हार्ड डिस्कवर येतो, आणि कुलूपबंद येतो. ते कुलूप उघडणारी फाइल लॅबकडून ईमेलने वेगळी येते. तिला आम्ही 'की' म्हणतो. ही की एकाच हॉलच्या सर्व्हरला चालते. हॉल तीनची की हॉल एकला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या किल्लीने आपलं दार उघडायला जाणं. ही फिल्म आमच्याकडे फक्त हॉल तीनला लागली होती. आदल्या संध्याकाळी मी तिथं सगळं तपासून, खूश होऊन घरी गेलो होतो. बायकोला म्हटलंही, उद्या चेटकिणीचा शो आहे. ती म्हणाली, "चेटकीण परवडली. निदान झाडू तरी हातात घेते." आमच्या घरी झाडण्याची पाळी माझी असते, आणि ती मी नेहमी चुकवतो.

फिल्म साधीच. हॅलोविनची, घरच्या सगळ्यांनी बघायची विनोदी फिल्म. एक खाष्ट चेटकीण आणि तिचं न ऐकणारा झाडू. पहिला भाग येऊन बरीच वर्षं झाली. दुसऱ्या भागात तीच नटी, आता मेकअपशिवाय म्हातारी.

हा शो बुक केला होता रेहानाताईंनी. राहणार जनाबियाच्या, माहेर रत्नागिरीकडचं, म्हणजे माझ्या चिपळूणच्या शेजारचं. चाळीस माणसं सांगितली होती. पण आमच्या कोकणातल्या माणसाला "तुम्हीपण या" म्हटल्याशिवाय फोन ठेवता येत नाही. त्या पाहुणे वाढवत गेल्या, आणि अबू फहदना दारातून कुणाला परत पाठवता येत नाही. हॉल एकच्या दुपारच्या कार्टून शोचं एकही तिकीट गेलं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना तिकडे बसवलं. मला कळवायचं तेवढं राहिलं.

मी लॅबला फोन लावला. रेकॉर्डेड बाई बोलली. आमचा वीकेंड शुक्रवार-शनिवार, त्यांचा शनिवार-रविवार. दिवस शनिवारचा. म्हणजे किल्लीवाले घरी झोपलेले. इमर्जन्सी नंबरवर मेसेज टाकला. उत्तर नाही.

जिना चढून रेहानाताई वर आल्या. अबायावर चेटकिणीची टोपी, ती दाराला अडकून तिरकी झालेली.

"काय वो गाववाले, पिक्चर कवा चालू व्हणार?"

"ताई, उद्या केला तर?"

"उद्या?" त्यांचा आवाज उतरला. "मुनाफभाई आज रातच्याला जातंय. कायमचा. बॅगा गाडीत हायत. हितनं सरळ एअरपोर्ट."

मुनाफभाई त्यांचा थोरला भाऊ. उमेदीची सगळी वर्षं सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये घालवली, आता रत्नागिरीला परत निघाले होते. इथल्याच गुदैबियाच्या दोन खोल्यांत ही भावंडं वाढली. बापानं व्हिडिओ लायब्ररीतून पहिल्या भागाची कॅसेट आणली आणि ती परत द्यायचं विसरला. शाळेला सुट्टी लागली की दोघं तीच लावून बसायची.

"दुसरा भाग संगती बघू, असं तवाच ठरलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तवा दुसरा भाग येणार हे कुणाला म्हायती?"

मी खाली जाऊन अबू फहदना गाठलं.

"सर, सबको हॉल थ्री में ले जाओ."

"सीट फिफ्टी. पीपल सेव्हंटी."

"बच्चे गोद में?"

"सिव्हिल डिफेन्स मेरा लायसन्स ले जाएगा. तुम मशीन इधर का उधर करो ना."

ते करता येतं, पण सर्व्हर हलवला की प्रोजेक्टर त्याला परका समजून बंद पडतो. मग दोन्ही हॉल अंधारात. मी मान हलवून नाही म्हटलं.

"इंशाल्ला, कुछ होगा," ते म्हणाले आणि कपाळ पुसू लागले.

मी हॉल एकच्या दारात उभा राहिलो. काय सांगायचं, हे मनात जुळवत होतो. तेव्हा एक गोष्ट दिसली. रिकाम्या पडद्याकडे टक लावून बसली होती ती सगळी मोठी माणसं. टोप्या त्यांच्याच डोक्यांवर. मुलं खुर्च्यांवर उलटी बसून एकमेकांना पॉपकॉर्न मारत होती. एक मुलगी झाडूवर बसून माझ्यापर्यंत आली. रेहानाताईंची धाकटी.

"तुला ही चेटकीण आवडते?" मी विचारलं.

"नो अंकल. दॅट्स ममाज् विच."

मी तसाच अबू फहदांकडे पळालो. हॉल एकला कार्टूनची की होती. मुलं तिथंच राहतील, त्यांच्याजवळ दोन मावश्या आणि आपला स्टाफ. मोठे सगळे हॉल तीनमध्ये, पन्नास खुर्च्यांत मावतील. हे सगळं मी त्यांना एका दमात सांगितलं.

"किड्स का फिल्म, बिना किड्स?"

"हां सर."

"यल्ला! चलो!"

मुलांना सांगितलं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांनी आधी नको-नको केलं आणि मग मुलांपेक्षा लवकर उठले.

हॉल तीनमध्ये चित्र आलं, तेव्हा कुठे मी श्वास घेतला. आवाज तपासायला मागे जाऊन उभा राहिलो. मध्येच चेटकिणीला जुने दिवस आठवतात आणि पहिल्या भागातला प्रसंग पुन्हा दिसतो. चित्र स्वच्छ, एकही दोष नाही. तरीही मुनाफभाई आणि रेहानाताईंनी एकदम माना तिरक्या केल्या आणि तोंडानं "खर्रर्र" केलं. त्यांच्या कॅसेटवर त्या जागी पट्टे यायचे. मग दोघं इतकी हसली, की पुढचे संवाद कुणाला ऐकू आले नाहीत.

शो सुटल्यावर मुनाफभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "चिपळूणला आलाव तर फुडं घराकडं या," एवढंच म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवूनच ते एअरपोर्टच्या गाडीत बसले.

लॅबचं उत्तर सोमवारी आलं. हॉल एकची की सोबत जोडली होती, गैरसोयीबद्दल दिलगिरीही होती.

आता फॅमिली शो असला की मी दोन हॉलांच्या किल्ल्या मागवतो. आणि कुठल्याही जुन्या फिल्मचा दुसरा भाग आला, की बुकिंगवाल्यांना आधी मोठी माणसं किती ते विचारतो. मुलांची चिंता नसते. त्यांना काहीही लावलं तरी चालतं.