छान म्हणणारी बाई

कट्ट्यावर कुणी आपला कोड बघून 'छान' म्हटलं की समजायचं, आपलं काही खरं नाही. हा शब्द नवख्यांसाठी आणि ज्यांच्याकडून काही आशा उरलेली नाही अशांसाठी राखून ठेवलेला होता. ज्याला आपलं मानलं, त्याच्या कोडची सगळे मिळून चिरफाड करायचे. मला पहिल्या वेळी तिघांनी 'छान' म्हटलं होतं आणि मी ते घरी आईला कौतुकानं सांगितलंही होतं. पुढं अर्थ कळला तेव्हा आईला काही सांगायला गेले नाही.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरची एक साधी जागा. अकोला, नाशिक, सांगली, पुणे असे कुठून कुठून प्रोग्रॅम लिहिणारे लोक तिथं जमायचे, अडलेलं विचारायचे, आणि विचारणाऱ्याची पोटभर टिंगल झाल्यावर त्याला उत्तर मिळायचं. मराठी सगळी इंग्रजी अक्षरांत. दोन हजार चार-पाचची गोष्ट आहे. मी हिंगोलीत एसटी आगाराजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. उरलेल्या वेळात हळदीच्या एका आडत दुकानासाठी पट्टी, म्हणजे माल विकला गेल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागद, छापणारा प्रोग्रॅम लिहीत होते. घरी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं. मी कट्ट्यावर बसले की घरचा फोन बंद, आणि भारनियमन सुरू झालं की मी बंद. आमचा फोन कायम एंगेज लागतो म्हणून परभणीच्या मावशीनं आईशी अबोला धरला होता. आईनं तो मोडायची घाई केली नाही.

एकदा माझ्या प्रोग्रॅमनं गोरेगावच्या शेतकऱ्याची हळद कनेरगाव नाक्याच्या शेतकऱ्याच्या नावावर छापली. दोघंही दुकानातच चहा पीत बसले होते म्हणून निभावलं. मी तो कोड कट्ट्यावर टाकला. अकोल्याच्या एका माणसानं आधी विचारलं, की हे तू लिहिलंस का कीबोर्डवर म्हैस बसवली होतीस. या माणसाला मी आजवर पाहिलेलं नाही, पण त्याच्याइतकं मला कुणी बोललेलंही नाही. मग तो म्हणाला, प्रोग्रॅम मोठ्या मनाचा आहे, तुझं-माझं करत नाही. नाशिकच्यानं सुचवलं, की दोन्ही शेतकऱ्यांच्या घरी लग्नाचं कुणी असेल तर सोयरीक जुळवून टाका, म्हणजे दुरुस्तीची गरजच नाही. असं तासभर झाल्यावर त्याच अकोल्याच्या माणसानं चूक दाखवली. आधीच्या शेतकऱ्याचं नाव पुसायची ओळ मी लिहिलीच नव्हती. मला पंगतीत घेतल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी क्लासमधल्या पोरांवर एकदाही ओरडले नाही.

कट्ट्यावर या रीतीला एकच अपवाद होता, पुण्याची बाई. ती वयानं आमच्याहून मोठी, एका कंपनीत बऱ्याच लोकांकडून काम करून घेणारी. ती सगळ्यांना 'आपण' म्हणायची, 'कृपया' लिहायची, आणि कुणाचीच टिंगल करायची नाही. आम्ही सगळे तिला टरकून असू. एक दिवस तिनं मला वेगळा निरोप पाठवला, की आपलं काम छान आहे, आमच्याकडं नोकरीला याल का. 'छान' वाचून आधी मी माझाच कोड उघडून चूक शोधायला लागले. पुढचं वाक्य मी दहा वेळा तरी वाचलं असेल. महिनाअखेरपर्यंत कळवा, असं तिनं लिहिलं होतं.

मी नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांची एकुलती एक, आणि कॉलेजसुद्धा हिंगोलीतच केलेलं. घराबाहेर एकटी मी कधी राहिलेच नव्हते. नाना म्हणाले, आधी माणसं बघू. माणसं कॉम्प्युटरमध्ये आहेत, असं मी सांगितलं. मग कॉम्प्युटरमध्ये बघू, असं ते म्हणाले.

इकडं मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले, की वडील हो म्हणत नाहीत. क्लासच्या मालकांना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, कट्ट्यावरही लिहिलं. मैत्रिणींनी हळहळ व्यक्त केली. अकोल्याच्यानं सल्ला दिला, की वडिलांना तुझा कोड दाखव, घरात ठेवून घेणार नाहीत. 'वडील हो म्हणत नाहीत' असं सांगितलं की मला का कोण जाणे बरं वाटायचं, आणि कुणी विचारलं नसतानाही मी ते सांगायला लागले होते.

नानांनी कट्टा वाचायला घेतला तो ऑफिसातली फाईल वाचावी तसा, सगळ्यात जुन्या कागदापासून. ताठ बसून, चष्मा नाकावर, एका हातानं माऊस दाबून धरलेला, जणू सोडला तर पळेल. त्यांनी काहीही गाळलं नाही. मधे वीज गेली की जिथं राहिलं ते लक्षात ठेवून आल्यावर तिथूनच पुढं. काही दिवसांनी जेवताना त्यांनी मला विचारलं, की हा अकोल्याचा जो आहे, त्याला घरी काही तकलीफ आहे का. मी म्हटलं, नाही, का हो? मग त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्यो तुला म्हैस म्हणून राहिला, अन् तू खाली हासून काहून राहिली?"

मी सांगितलं, म्हैस मला नाही म्हटलं, कीबोर्डवर बसलेलीला म्हटलं. यानं काही सुधारणा झाली नाही. मग मी त्यांना कट्ट्याची रीत सगळी समजावून सांगितली, की जितकी जवळीक तितकं बोलणं खायचं, आणि कुणी गोड बोलायला लागलं की समजायचं आपला कारभार आटोपला. हे बोलताना मलाच ते वेड्यांच्या बाजारासारखं वाटायला लागलं. आता नाना कॉम्प्युटरच उचलून माळ्यावर टाकणार, अशी मी मनाची तयारी केली.

नानांनी घास उचलला, चावला, आणि म्हणाले की यात नवीन काही नाही. त्यांच्या ऑफिसात जो साहेब खेकसायचा तो संध्याकाळी चहा पाजायचा. पण जो फाईलवर 'सविनय सादर' आणि 'आपल्या अवलोकनार्थ' असं लिहायचा, त्याच्या टिपणीमागून कुणाची तरी बदली यायची. नानांचीच एक बदली अशा साखरेत घोळलेल्या टिपणीनं झाली होती, आणि तेव्हा आईचं बाळंतपण जवळ आलेलं होतं. त्या बाळंतपणात जन्मले ती मीच. अकोल्याचा माणूस त्यांच्या मते एकदम बराबर होता. आईनं त्यांना भात वाढला. मी सुटले असं मला वाटलं.

"पण पुण्याची बाई लई गोड लिहून राहिली," नाना म्हणाले. "गोगलगाय अन् पोटात पाय. तिच्याकडं तुला कशी धाडू?"

आमच्याच कट्ट्याच्या कायद्यानं ते बरोबर होते. पुढचे काही दिवस मी घरात सभ्यपणाची बाजू मांडत फिरले. काही माणसं मुळातच नम्र असतात, असं मी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत एक दाखव. आई म्हणाली, मी आहे. त्यावर नानांनी विषय बदलला. महिना संपत आला होता.

एका दुपारी मी क्लासवर असताना नानांनी स्वतःच कट्ट्यावर लिहिलं. त्यांना टायपिंग उत्तम यायचं. सगळी अक्षरं त्यांनी कॅपिटल केली होती, कारण महत्त्वाचा मजकूर तारेसारखा लिहायचा हा त्यांचा नियम. कट्ट्यावर कॅपिटल म्हणजे बोंब मारणं. म्हणजे माझ्या वडिलांनी महाराष्ट्रभरच्या प्रोग्रॅमरांसमोर बोंब मारली होती, की मी मुलीचा बाप आहे. पुण्याच्या बाईसाहेब, आपण गोड लिहिता म्हणून शंका येते. माझी मुलगी आजवर एकटी राहिलेली नाही. रात्री ताप आला तर तिच्याकडे कोण जाईल? खरे लिहावे. कळावे.

घरी येऊन ते वाचलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. खाली अकोल्याच्या माणसाचं उत्तर दिसत होतं आणि मला ते वाचायची हिंमत होईना. शेवटी वाचलं. त्यानं लिहिलं होतं, काकांना उत्तर मिळेपर्यंत इथं कुणी काही बोलायचं नाही.

आणि कुणी बोललं नाही. ज्या लोकांना एक चहा होईपर्यंत गप्प बसता येत नव्हतं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प राहिले. मी तासातासाला बघत होते आणि त्या सगळ्यांबद्दल मला इतकी माया वाटत होती की रागच यायला लागला.

बाईचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. त्यात 'कृपया' नव्हतं. ताप आला तर मी जाईन, माझं घर जवळच आहे, असं तिनं लिहिलं होतं. जेवली का ते रोज विचारणार नाही, मला वेळ नसतो. काम चुकलं तर सगळ्यांसमोर बोलेन. सुरुवातीला ती रडेल, मीही रडले होते. आणि शेवटी लिहिलं होतं, 'मी गोड लिहिते, कारण बाईनं तिखट लिहिलं की इथली माणसं उत्तरच देत नाहीत.'

नानांनी ते वाचलं आणि मला विचारलं, की हे शेवटचं खरं आहे का. मी म्हटलं, खरं आहे. तिला टरकून असतो असं आम्ही आजवर हसत सांगत आलो होतो, पण ती अशी का लिहिते हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. नानांनी चष्मा पुसला आणि ते उत्तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"बाई खरी हाय," ते म्हणाले. "जा तू."

तोवर मी नानांवर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले, आणि ते हो म्हणाले म्हणून चिडले. आडतीचा प्रोग्रॅम अर्धा आहे, म्हटलं. आईचे गुडघे दुखतात. क्लासची परीक्षा तोंडावर आहे. तुमच्या बीपीच्या गोळ्या कोण आणणार? पुण्यात पाणी मानवेल का? मी सांगत गेले आणि नाना प्रत्येक मुद्दा नीट ऐकून घेत होते. मुद्दे संपले तेव्हा मला कळलं, की इतके दिवस नाही म्हणत होते ते नाना नव्हतेच.

"भेव वाटून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला बी," नाना म्हणाले, आणि पुण्याला कळव म्हणून मला खुर्ची मोकळी करून दिली.