पाटीवरची मोकळी जागा

आमच्या बाजारातल्या साळवींच्या सायकल दुकानाची पाटी नवी झाली तेव्हा ती मला चांगलीच खटकली होती. वर वामन साळवी, खाली मुलगा महेश साळवी. महेशचं नाव अगदी डाव्या कडेपासून सुरू झालेलं, आणि वामनरावांच्या नावाआधी मात्र उगाच जागा कोरी. मला असलं वाकडंतिकडं बघवत नाही. विचारलं, तर वामनराव हसून म्हणाले, "अहो, ती 'कै.'ची जागा. पुढे पोराला सगळी पाटी परत रंगवायला नको."

आपल्याकडे माणूस गेला तरी दुकानाच्या पाटीवरून उतरत नाही. नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब येतं, बस. एवढ्या मोठ्या गोष्टीला इतकीशी जागा पुरते, याचं तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं.

आज तिथून जाताना पाटीकडे नजर गेली. 'कै.' आलं आहे, पण खालच्या ओळीत. पत्र्याच्या कडेला कसंबसं कोंबलेलं, निम्म्या आकाराचं, आणि त्याचं टिंब महेशच्या 'म'ला चिकटलेलं. वरची जागा अजून कोरीच आहे.

वामनराव चाकात हवा भरत होते. मी म्हटलं, "पेंटरकडून जरा नीट करून घ्या."

त्यांनी मान वर केली नाही. "तोही म्हणाला, नाव सरकवून देतो. मीच नको म्हटलं. पोरासाठी जागा ठेवली नव्हती, तर नव्हती. दिसू दे तसंच."