तिरोडीवालीचं स्टेटस

तिरोडीवाली एकदा घराबाहेर पडली की विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरत नसे. छत्री राहो, पिशवी राहो, चुलीवर दूध राहो. दूध राहिलं तर ती रस्त्यावरूनच मला हाक मारून सांगे आणि मी तिच्या घरात जाऊन ते उतरवून ठेवी. एकदा लालबर्ऱ्याला लग्नाला निघाली तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात नवऱ्याची. कोपऱ्यावर मी तिला ते दाखवलं. घर तिथून दिसत होतं. तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, "दोन आहेत न? मंग झालं." तशीच जाऊन लग्न लावून, जेवून आली.

याचं कारण तिने मला एकदाच सांगितलं. तिचा बाप तिरोडीच्या मँगनीजच्या खदानीत मजूर होता. एक दिवस अर्ध्या वाटेवरून तो विसरलेला डबा घ्यायला घरी आला. तेवढ्यात भोंगा झाला, गेट बंद झालं आणि त्याची हाजरी गेली. पुढे म्हणे साहेबाने त्याच दिवशी गेटवर हजर असलेल्यांतूनच काही माणसं पक्की केली. तिचा बाप शेवटपर्यंत कच्चाच राहिला. "डबा नसता तर एक दुपार उपाशी राह्यला असता," ती म्हणाली. "डब्यासाठी वापस आला आन् जिंदगीभर गेटाच्या बाहेर राह्यला."

आमच्याकडे लग्न होऊन आलेली बाई माहेरच्या गावानेच ओळखली जाते. ती तिरोडीवाली, मी रामपायलीवाली. खरं नाव रेशनकार्डावर असतं, तिथेच राहतं. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात तिची आणि माझी भिंत एकच. मी तिच्याहून बरीच मोठी, म्हणून ती मला बाई म्हणायची, पण मान देत असे असं नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि ती आठवीपर्यंत. काही समजावून सांगायचा कंटाळा आला की ती म्हणे, "बाई, हे आठवीतलं आहे. तुले नाही समजत."

तिला एकच मुलगी, गुड्डी. नवरा तांदळाच्या मिलवर काम करी. स्वभावाने गरीब, दोन्ही वेळा समोर आलेलं जेवणारा. पोरीची अक्कल आईवर गेली होती. ती शिकत गेली आणि सरकारी स्कॉलरशिप मिळवून इंग्लंडला निघाली. वॉर्डातून एवढ्या लांब कोणी गेलं नव्हतं. विहारात तिला हार घातला आणि पोरीचं लग्नाचं वय निघून चाललं म्हणणाऱ्या बायाही त्या दिवशी पुढे होऊन फोटोत उभ्या राहिल्या.

निघायच्या दिवशी तिचा ऑटो कोपऱ्यापर्यंत गेला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जवसाच्या चटणीचा डबा ओट्यावरच राहिला. आईने आदल्या दिवशी खपून कुटलेली चटणी. मी डबा उचलून धावायला लागले, तर तिरोडीवालीने माझा पदर धरला.

"राहू दे."

"अवं, ऑटो अजून उभा आहे."

"म्हणूनच राहू दे. निघाली आहे, तर जाऊ दे."

ऑटो गेला. ती चटणी पुढे मीच खाल्ली. चांगली झाली होती.

गुड्डी तिकडे पोचल्यावर आईला फोनवर एक गोष्ट सारखी सांगायची. आई, मले माझं स्टेटस सांभाळा लागते. जरा इकडंतिकडं झालं की स्टेटस गेलं, आन् मंग वापस घरी. तिरोडीवालीला फोनमधलं स्टेटस माहीत होतं. लोक त्यात फोटो टाकतात, सगळ्यांना दिसतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप निघून जातो. तिने माझ्याकडे येऊन मोठ्या विचाराने सांगितलं की परदेशात शिकणाऱ्यांना रोज एक फोटो टाकावा लागतो, नाही टाकला तर सरकार परत पाठवतं. मलाही ते पटलं. सरकार काय मागेल याचा भरवसा नसतो.

मग ती रोज फोनवर विचारायची, "आज टाकलं का स्टेटस?" पोरगी हौ म्हणायची, कारण आई काय विचारते ते तिला उमगलंच नव्हतं. बऱ्याच दिवसांनी उमगलं तेव्हा ती फोनवर एवढी हसली की भिंतीपलीकडे मला ऐकू आलं. मग तिने नीट सांगितलं. तिकडचं स्टेटस म्हणजे तिथं राहण्याचा हक्क. क्लास बुडवायचे नाहीत. कॉलेजातलं नाव कमी होऊ द्यायचं नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त काम करायचं नाही. घर बदललं तर कळवायचं. मुदत संपायच्या आत अर्ज करायचा. यातलं एक जरी चुकलं तरी गेट बंद.

गेट हा शब्द गुड्डीने वापरला की तिरोडीवालीने सांगताना घातला, मला माहीत नाही. पण आपली चूक कळून ती लाजली नाही. पोरीला म्हणाली, "बरं. तुझं तू सांभाळ, माझं मी सांभाळतो."

आणि तिने खरोखरच सांभाळलं. त्या दिवसापासून रोज सकाळी ती एक फोटो टाकू लागली. वाळत घातलेलं धान, वालाचा वेल, कोंबडी, गॅसवरची भाजी. एकदा माझाच टाकला, मी ओसरीत बसून दाताला गुडाखू घासत होते तेव्हाचा. तंबाखूची ती काळी पेस्ट, वेडंवाकडं तोंड, आणि तो फोटो इंग्लंडपर्यंत गेला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला फोटो काढता येत नव्हता ही गोष्ट खरी. सगळं तिरपं यायचं, आणि कोपऱ्यात तिचा स्वतःचा अंगठा. दर फोटोत. मी म्हटलं, अंगठा तरी बाजूला घे. ती म्हणाली, "फोन पडला तर तू भरून देशीन का?"

गुडाखू ती माझ्याहून जास्त घासायची. गळ्यात गाठ आली तेव्हा आधी गोंदियाला नेलं, मग नागपूरला. नागपूरच्या डॉक्टरने नवऱ्याला बाहेर बोलावलं, तर ही त्याच्या मागून जाऊन उभी राहिली आणि सगळं ऐकलं. घरी आल्यावर आधी कोंबड्या कोंडल्या.

त्याच सुमारास गुड्डीचंही अडलं होतं. परीक्षेच्या वेळी तापाने पडली, एक विषय राहिला. तो पुन्हा द्यायचा तर राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागत होती. तिने वेळेत अर्ज केला. उत्तर येईपर्यंत तिथं राहता येत होतं, शिकता येत होतं. पण उत्तर यायच्या आधी त्या देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतला असंच धरतात. मग नव्याने मागायचं, दिलं तर दिलं. म्हणजे एका विषयासाठी सगळं शिकणं अर्धवट.

तिरोडीवालीने पोरीला एवढंच कळवलं की गळा बसला आहे, डॉक्टरने बोलायला मना केलं आहे. फोन बंद झाले. फक्त रोजचा फोटो राहिला.

पुढे ती खाटेला खिळली तेव्हा एका दुपारी तिचा नवरा माझ्यादेखत म्हणाला की आता पोरीला सांगावं लागेल. त्या माणसाने बायकोसमोर कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी केली.

"पोरगी येईन तरी. मायचं तोंड तरी पाहीन."

तिचा आवाज तेव्हा घासल्यासारखा निघत होता. एक एक शब्द सुटा यायचा.

"माझं तोंड काय पाहते? पाह्यलेलंच आहे."

तो रडायला लागला. मला रडणाऱ्या माणसांचं काही करता येत नाही, म्हणून मी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि तिला माझं मत सांगून टाकलं. म्हटलं, तू हे चूक करून राह्यली. पोरगी तुले माफ नाही करणार.

"नको करू दे," ती म्हणाली. "शिकलेली तर राहीन."

मग तिने मला जवळ बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. एक, ती गेल्यावर तिकडचं उत्तर येईपर्यंत तिचा फोटो कोणी स्टेटसवर टाकायचा नाही. आमच्याकडे माणूस गेलं की घरचे घाटावरून परत यायच्या आधी पोरं फुलांच्या गोलात त्याचा फोटो बसवतात, खाली मेणबत्ती, वर भावपूर्ण आदरांजली, आणि वॉर्डभराच्या फोनमध्ये तोच दिसतो. वॉर्डातल्या निम्म्या लोकांचे नंबर गुड्डीकडे होते. तिरोडीवाली म्हणाली, "माझं लावशीन, त तिचं जाईन."

दुसरी गोष्ट, तिचा फोन मी ठेवायचा आणि रोज सकाळी एक फोटो टाकायचा. "माझ्यासारखाच काढजो," म्हणाली. कुठे दाबायचं ते तिने मला शिकवलं. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं तेव्हा तिने छताकडे पाहिलं. आठवी आणि चौथीचं ते आमचं शेवटचं भांडण.

ती रविवारी गेली. विहारात वंदना चालू होती. सकाळचा फोटो तिने स्वतः काढला होता, खाटेवरून दिसणाऱ्या खिडकीचा.

तिला न्यायच्या आधी मी घराघरात गेले. ज्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं त्यांच्याकडेही गेले. एका पोराने गोल बनवून ठेवलाच होता, फक्त नाव घालायचं राहिलं होतं. काकू, तिरोडीवालीचं असली नाम काय, असं तोच मला विचारत होता. मी म्हटलं, नाव नको आणि फोटोही नको, माझ्यासमोर पूस. त्याने पुसला. तिरोडीला तिच्या भावाला मी फोनवर सांगितलं, त्याने आधी शिव्या दिल्या आणि मग ऐकलं. आमच्या वॉर्डात कोणाच्या घरी काय शिजलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पण तेवढे दिवस ही गोष्ट बाहेर गेली नाही. लोक एरवी कसे आहेत ते मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

सोमवारी सकाळी मी अंगणात जाऊन वालाच्या वेलाचा फोटो काढला. नीट, सरळ, दोन्ही हातांनी फोन धरून. तो टाकला. मंगळवारी कोंबडी. बुधवारी तिच्या दारातली बादली, कारण दुसरं काही सुचलं नाही. गुड्डी रोज फोटो पाहत होती, फोनमध्ये ते दिसतं. तिचा उलट काही निरोप नव्हता. मला वाटलं, बरं चाललं आहे.

आठवडा उलटून गेल्यावर एका दुपारी तो फोन वाजला. गुड्डी होती. उचलू नये असं वाटलं, पण उचलून हॅलो म्हटलं.

"मावशी, उत्तर आलं. मुदत भेटली."

मी म्हटलं, चांगलं झालं.

"आता सांग."

"काय सांगू?"

"आईचं." मग म्हणाली, "सोमवारच्या फोटोत अंगठा नव्हता."

मी ओट्यावर बसले. मला तिला एवढंच विचारता आलं की मग इतके दिवस फोन काहून नाही केला.

"केला असता त तू सांगितलं असतं. सांगितलं असतं त मी निघाली असती."

ती रोज क्लासला गेली होती. मागच्या बाकावर बसायची म्हणे. एकही हाजरी गेली नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, कधी, कसं, कोण होतं, कोणती साडी नेसवली. ती ऐकत होती. बापाला फोन दिला तेव्हा तो नुसता कानाला धरून उभा राहिला.

तो विषय सुटल्यावर, सुट्टी लागल्यावर ती आली. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने होणारी वंदना, तिच्यासाठी थांबवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिरोडीवालीचा फोटो भिंतीवर लागला आणि खाली तिचं नाव होतं, शांताबाई. कितीतरी बाया ते वाचून एकमेकींना विचारत होत्या, ही कोण.

गुड्डी बापावर रागावली. माझ्यावरही. म्हणाली, तुम्ही मोठी माणसं होता, तुम्ही तरी. मी म्हटलं, हौ, होतो. तिच्या आईने जे केलं ते बरोबर होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी तेव्हाही चूक म्हणाले होते आणि तरी सांगितल्याप्रमाणे केलं. गुड्डी संध्याकाळी माझ्याकडे आली, खाटेवर बसली, थंडीसाठी अंगावर घेतलेली चादर काढून बाजूला ठेवली आणि आईच्या फोनमधले फोटो एकेक करून पाहत राहिली. तिरपे, अंगठ्याचे. माझ्या सोमवारपर्यंत आली तिथे थांबली. जाईपर्यंत ती रोज संध्याकाळी तशीच येऊन बसायची.

परत जाण्याच्या दिवशी ऑटो आला. ती बापाच्या पाया पडली, मग माझ्या, आणि तिने आईचा फोन पर्समध्ये टाकला. मी पाणी प्यायला आत गेले तर तिची चादर माझ्या खाटेवर घडी करून राहिलेली. मी ती उचलून दारात आले. ऑटो कोपऱ्यावर उभा होता, समोरून ट्रॅक्टर जात होता. माझी हाक तिथपर्यंत सहज गेली असती.

मी चादर हातात घेऊन उभी राहिले. ट्रॅक्टर निघून गेला आणि ऑटो वळला.