पावती क्रमांक एक

सकाळी आल्या आल्या काका आधी सर्व्हरला हात लावून बघत. वजनकाट्याच्या खोलीत एका लाकडी टेबलावर तो जुना डबा धडधडत असायचा, खाऱ्या हवेने कडांना गंज चढलेला. काका त्याच्या डोक्यावर तळहात ठेवत, पोराचा ताप बघतात तसा, आणि म्हणत, "ताप नाय. बसूया." मग चष्मा, मग चहा, मग काम.

पहिल्या दिवशी मी हे बघितलं आणि मनात म्हटलं, झालं कल्याण! पुण्यातली नोकरी सोडून आले ती ह्या माणसाबरोबर काम करायला?

आमचा कारखाना आंब्याच्या रसाचा, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला. आंब्याची गाडी फाटकात शिरल्यापासून रसाचा डबा बाहेर पडेपर्यंत जे जे घडतं ते सगळं काकांनी वीसेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालायचं. एकच प्रोग्राम. फाटकावरची पावती, काटा, फळांची निवड, पेंढ्यात आंबा पिकवायची आढीची खोली, रसाची पाळी, शीतगृह, सगळं त्याच्या पोटात. एका कोपऱ्यात काही अडकलं की अख्खा कारखाना हात बांधून उभा. सर्व्हरचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. म्हणून मालकांनी मला आणलं. प्रोग्राम क्लाउडवर, इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर, न्यायचा, आणि नेताना त्याच्या वेगवेगळ्या सेवा करायच्या, म्हणजे एक आजारी पडली तरी बाकीच्या चालत्या राहतील.

मी रत्नागिरीचीच. पण आई म्हणते पुण्यात राहून हिचं तोंड फार सुटलंय, आणि ते खरं आहे. तिसऱ्याच दिवशी मी काकांना सांगून टाकलं, "काका, हे सगळं फेकून नव्याने लिहायला हवं."

काका चहा पीत होते. बशी तोंडाजवळ तशीच धरून म्हणाले, "विचारलंस त्याला?"

"कोणाला?"

"ज्याला फेकायचंय त्याला. बाबा, तू इथे कशाला बसलायस, असं विचारलंस?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण तावातावाने बोलावं आणि त्यांनी एक प्रश्न टाकून चहाचा पुढचा घोट घ्यावा. माझं तर डोकंच फिरायचं.

मालकांचंही डोकं फिरलेलं होतं, पण दुसऱ्या कारणाने. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस त्यांना तयार सॉफ्टवेअर दाखवून गेला होता. रंगीत पडदे, सगळं इंग्रजीत. फळं निवडणाऱ्या बायका काकांच्या पडद्यावर न बघता बटणं दाबायच्या, मोठा, मध्यम, डागी, बोटांनाच पाठ होतं. ते सगळं जाणार होतं. मालक म्हणाले, "हंगामाची पहिली गाडी येईल त्या दिवशी तुमचं नवं चाललं तर ठीक. नाय चाललं तर दुपारी मी त्यांना फोन करणार. मग जुनं सगळं भंगारात."

मालक गेले. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाय, मी एकदा भंगारात जाऊन आलोय. परत नाय जाणार."

तेव्हा मला कळलं की काका मूळचे केळशीचे, आणि बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. टकटक करून दुसऱ्या बोटींशी, बंदरांशी बोलायचं, हे त्यांचं काम. पुढे उपग्रह आले आणि एक दिवस जगभरच्या बोटींवरून ती जागाच उठली. काका घरी आले. चाळिशी उलटून गेली होती. पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकले आणि हा कारखाना गाठला. हे सगळं त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं, तेही उठता उठता.

त्या दिवसापासून आम्ही खरं काम सुरू केलं. काकांचा नियम एकच. "शिवण उसवायची. कापड कापायचं नाय." म्हणजे प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्याशी जिथे बोलतो, तेवढीच जागा शोधायची, तिथूनच वेगळा करायचा, आतल्या ओळींना हात लावायचा नाही. मी क्लाउड समजावायला बसले तेव्हा मला वाटलं होतं आठवडा जाईल. काकांनी अर्ध्या तासात विचारलं, "एकाने सांगितलेलं दुसऱ्याला पोचलं का, हे कसं कळतं? तो 'मिळालं' म्हणतो का?"

"म्हणतो."

"नाय म्हणाला तर?"

"आपण परत पाठवतो."

"मग सोपं हाय की! मी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

वरच्या ऑफिसचा जिना चढताना मात्र ते मध्येच थांबायचे, कठड्याला धरून. मी विचारलं की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "पंखा जरा जुना झालाय." डॉक्टरांनी त्यांना घरी बसायला सांगितलं होतं, हे मला पांडुरंगाकडून समजलं. पांडुरंग म्हणजे आमचा काट्यावरचा माणूस, पहिल्यापासूनचा. काकांना घरी बसा म्हणायची त्याचीही हिंमत नव्हती.

एकेक शिवण उसवत गेलो. फाटक वेगळं झालं, काटा वेगळा, आढी वेगळी. रसाच्या पाळीवर आलो तिथे मला ती ओळ दिसली. 'पावती क्रमांक एक असेल तर सोडून दे.' शेजारी काही कारण लिहिलेलं नाही. मी जुन्या हंगामांच्या नोंदी काढल्या. दरवर्षी रसाच्या नोंदी दोन नंबरच्या पावतीपासून सुरू! एक नंबरची पेटी फाटकात आलेली, आणि पुढे गायब. मला कोण आनंद झाला सांगू! काकांच्या प्रोग्राममधली चूक, आणि ती मला सापडलेली. मी ओळ उडवली. काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा तेच, विचारलंस का. खोट्या पावत्या करून तपासलं, एक नंबरपासून सगळं सरळ चाललं. मनात म्हटलं, हंगाम सुरू झाला की बघतील.

हंगामाच्या आठवडाभर आधी जुना सर्व्हर बंद करायचा ठरला. मी म्हटलं, असू दे चालू, अडचणीला होईल. काका म्हणाले, "तो चालू राहिला तर आपण त्याच्याकडेच धावू. नको." त्यांनी स्वतः बटण दाबलं. खोलीत एकदम इतकं शांत झालं की बाहेर बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. काकांनी डब्यावर हात ठेवला आणि तो गार होईपर्यंत काढला नाही.

मग मला म्हणाले, "आता सकाळी हात कशावर ठेवायचा गो?"

मी घाईत होते. म्हटलं, "काका, पडद्यावर हिरवा दिवा दिसतो ना, तो बघायचा."

"बरं," म्हणाले. हे 'बरं' मला अजून टोचतं.

हंगामाचा पहिला दिवस उजाडला. फाटकाबाहेर गाड्यांची रांग वळणापर्यंत. पावत्या धडाधड फाटल्या, काटा चालला, बागायतदारांनी घरच्या आढीतून काढून आणलेली पिकती फळं निवडून पुढे गेली, आणि रसाच्या यंत्रापाशी सगळं थांबलं. पडद्यावर एकच शब्द, 'प्रतीक्षा'. गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. उन्हात आंबा किती वेळ दम धरणार? मालक फोन हातात घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी पडद्यावरच्या नोंदी पुन्हा वरून खाली वाचायला लागले.

काका जिना चढून आले, धापा टाकत. खुर्चीत बसले आणि विचारलं, "कुठल्या पावतीवर अडलंय?"

"एक नंबर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. खिडकीतून हाक मारली, "पांडू, पहिली पेटी कुठाय रे?"

"देवाकडं!" पांडुरंग खालून ओरडला. "दरवर्षी जाते तशी!"

हंगामाची पहिली पेटी ग्रामदेवतेची. पावती फाटते, पेटी रसाला जात नाही, पांडुरंग ती डोक्यावर घेऊन देवळात नेऊन ठेवतो. आमच्या घरीसुद्धा पहिलं फळ देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. रत्नागिरीत जन्मले, वाढले, आणि मला हे सुचू नये? फळं आली त्या क्रमानेच रसाला घ्यायची, म्हणून नवी सेवा इमानाने एक नंबरच्या पेटीची वाट बघत बसली होती. ती पेटी देवळात, आणि मागच्या साऱ्या पेट्या रांगेत.

"कोणाची चूक ही?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण काका आधी बोलले. "माझी. ओळीशेजारी कारण लिवलं नाय मी. दहा मिनिटं द्या."

मालकांनी घड्याळाकडे बघितलं आणि फोन खिशात ठेवला. मी टाइप करायला घेतलं. काका शेजारी बसून एकच म्हणत होते, "घाई नको, हो, बरोबर, पुढे." ओळ परत घातली. नवी सेवा चढवली. पडद्यावरचा शब्द गेला, आणि खालून यंत्राचा आवाज आला. बायका ओरडल्या, "चाललं, चाललं!" मुंबईला फोन काही गेला नाही.

मी काकांना म्हटलं, "तुम्ही माझी चूक का घेतलीत?" डोळे भरून आले होते, लपवले नाहीत.

"रडतेस काय? कारणं लिवून घे. मी हाय तोपर्यंत."

मग संपूर्ण हंगामभर काका सांगत होते आणि मी लिहीत होते. प्रत्येक विचित्र ओळीशेजारी तिचं कारण. काट्यावर पेटी ठेवल्यावर सात सेकंद का थांबायचं? पांडुरंग पेटी ठेवतो आणि हात काढायला विसरतो म्हणून. दुपारी एकाच पेटीची प्रत दोनदा का विचारायची? जेवून आल्यावर बायका बोलण्यात रंगतात म्हणून. अख्खा कारखाना त्या ओळींमध्ये बसलेला होता, आणि मी तो फेकायला निघाले होते. एक नंबरच्या पावतीशेजारी काकांनी मला लिहायला लावलं, 'पहिली पेटी देवाची. तिची वाट बघू नये.'

शेवटच्या ओळीचं कारण लिहून झालं त्या दिवशी काका म्हणाले, "संपलं गो. आता मी घरी बसतो." खरंच बसले. गणपतीच्या आधी गेले, झोपेतच. मी त्यांच्या घरी गेले. ह्या सुटलेल्या तोंडाला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही.

ह्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा मी सकाळी लवकर काट्याच्या खोलीत गेले. पडद्यावर हिरवा दिवा. टेबल रिकामं, त्यावर डब्याच्या गंजाचे चार डाग. पांडुरंगाने फाटकावर पावती फाडून पहिली पेटी आणली आणि त्याच टेबलावर ठेवली. बागायतदाराच्या आढीतून थेट आलेली, वर पेंढा. मी पेंढ्यात हात घातला. फळं गरम होती. पिकताना आंबा गरम होतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. हात कशावर ठेवायचा, असं काकांनी विचारलं तेव्हा हे सांगायचं सुचलं असतं तर!

मी हात तसाच ठेवला. बाहेर हॉर्न सुरू झाले होते. पावती केव्हाच फाटली होती, दोन नंबरची पेटी काट्यावर चढली होती.

पांडुरंग चुंबळ डोक्यावर ठेवून उभा होता. म्हणाला, "बाय, उचलू?"

"थांब जरा," मी म्हटलं.