उलट्या रेघा

वेरूळच्या कैलासासमोर मान वर करून मी बायकोला म्हणालो, "अख्खा डोंगर वरून खाली कोरायचा, हे माणसाचं काम नव्हे. परग्रहावरून कुणीतरी आलं असणार." मोबाइलवर ऐकलेलं होतं, पण मी ते स्वतःला सुचल्यासारखं सांगितलं.

सुमन भिंतीवरच्या छिन्नीच्या तिरक्या रेघा बघत होती. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, कोपऱ्यातल्या थोड्या जागेत मात्र उलट्या.

"हा कोरणारा माझ्यासारखा डावरा असणार," ती म्हणाली आणि तिने त्या रेघांवर डावा तळवा टेकवला.

मी ओशाळलो. तिला त्या रेघांमागे घाम पुसत उभा असलेला एक माणूस दिसला होता. उघड्या अंगाच्या, अर्धपोटी माणसांच्या हातून हे घडलं असेल, हे मात्र मला पटत नव्हतं. त्यापेक्षा आकाशातले पाहुणे पटकन पटले. आणि हे सगळं मी कौतुक म्हणून बोललो होतो.

बाहेर उसाचा रस घेतला. सुमनने माझा पेला डाव्या हाताने उचलला आणि मला देताना सवयीने उजव्या हातात घेतला. आमच्या घरात डाव्या हाताने दिलेलं चालत नाही.

मी खाली बघत पेला घेतला.